आपोआप भरणारी बंदूक व तिची निगा

शिकारीच्या बंदुकीचें नांव काढलें कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें दोन नळ्यांची, मधोमध मोडून भरावयाची बंदूक उभी राहते. जुन्या वाड्यांतील भिंतींवर व संस्थानी काळच्या छायाचित्रांत ती सर्वांनीं पाहिलेली असते. दोन नळ्या, दोन काडतुसें, दोन बार. तेवढे संपले कीं बंदूक मोडावयाची, रिकामीं टरफलें काढावयाचीं, खिशांतून दोन नवीं काडतुसें घालावयाचीं आणि बंदूक पुन्हां मिटावयाची. हें सर्व होईपर्यंत बदकांचा थवा दृष्टीआड झालेला असतो. शिकाऱ्याच्या या अडचणींतून एक निराळीच बंदूक जन्मास आली. एक बार उडाला कीं दुसरें काडतूस ती स्वतःच नळींत चढविते. तिची रचना, ती भरण्याची रीत आणि तिची निगा हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

भारतांत १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यानें शौकाच्या शिकारीचें युग संपलें, आणि तें संपलें हें योग्यच झालें. तेव्हां येथील घरांत या बंदुकीचा उपयोग काय, असा प्रश्न कोणीहि विचारील. उपयोग तिचा नाहीं, तिच्या इतिहासाचा आहे. यंत्र जेव्हां माणसाचें एक काम आपल्याकडे घेतें, तेव्हां मोबदल्यांत तें माणसापाशीं दुसरें कांहीं तरी मागतेंच. शिवणाच्या यंत्रानें हाताचे टांके वांचविले, पण दोऱ्याचा ताण कसा ठेवावा हें गृहिणीला शिकावें लागलें. या बंदुकीचेंहि तसेंच आहे. फरक एवढाच कीं येथें चूक झाली तर नुसता दोरा तुटून भागत नाहीं.

प्रथम बंदुकीची जात ओळखावयास हवी. रायफलींतून एकच गोळी लांबवर व नेमकी जाते. छऱ्यांच्या बंदुकींतून बारीक छऱ्यांचा झोत सुटतो, आणि सुमारें चाळीस यार्डांच्या टप्प्यांत उडता पक्षी टिपण्यास तोच उपयोगी पडतो. तिच्या काडतुसाच्या बुडाशीं पितळी टोपण असतें. त्यांत ठिणगी पाडणारी टोपी, तीवर दारू, दारूवर डाट आणि डाटावर छर्रे. ‘बारा बोअर’ हा शब्द पुष्कळांनीं ऐकलेला असतो, परंतु त्याचा अर्थ थोड्यांनाच ठाऊक असतो. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोल गोळ्या केल्या, तर त्यांपैकीं एका गोळीचा जो व्यास तोच या नळीचा व्यास, म्हणजे सुमारें साडेअठरा मिलिमीटर. वीस बोअरसाठीं त्याच पौंडाच्या वीस गोळ्या कराव्या लागतात. म्हणून आंकडा वाढतो तशी नळी लहान होते. ही गोष्ट पुढें उपयोगी पडणार आहे.

आपोआप भरणाऱ्या बंदुकीला लोक ‘स्वयंचलित’ म्हणतात, पण तें पुरतें खरें नाहीं. मशीनगनचा चाप दाबून धरला तर गोळ्यांची सर सुटते. या बंदुकीचा चाप ओढला कीं एकच बार उडतो, आणि पुढच्या बारासाठीं चाप सोडून पुन्हां ओढावा लागतो. मधलें काम, म्हणजे रिकामें टरफल फेंकणें व नवें काडतूस चढविणें, तेवढें ती आपण होऊन करते. म्हणून तिला अर्ध-स्वयंचलित म्हणणेंच यथार्थ होय.

या जातीच्या बंदुकांमध्यें जिला मूळपुरुषाचा मान द्यावा, ती जॉन मोझेस ब्राउनिंग याची पांच बारांची बंदूक. ब्राउनिंगचा जन्म २३ जानेवारी १८५५ रोजीं अमेरिकेंतील उटा प्रदेशांत, ऑग्डेन गांवीं झाला. त्याचे वडील जोनाथन हे बंदुका घडविणारे कारागीर होते आणि त्यांच्याच दुकानांतील मोडतोडींत मुलाचें शिक्षण झालें. ऑग्डेनपासून ग्रेट सॉल्ट लेक हें खाऱ्या पाण्याचें अफाट सरोवर दूर नाहीं. बेअर नदी या सरोवरास मिळते तेथें विस्तीर्ण दलदली आहेत आणि स्थलांतराच्या ऋतूंत तेथें बदकांचे प्रचंड थवे उतरतात. ब्राउनिंग स्वतः नेमबाज होता. शिकाऱ्याला काय हवें असतें हें त्याला कोणी सांगावयास नको होतें.

त्यानें प्रथम हातानें सरकवावयाची बंदूक तयार केली. नळीखालील लांकडी मूठ मागें ओढली कीं टरफल बाहेर पडतें, पुढें लोटली कीं नवें काडतूस चढतें. विंचेस्टर कंपनीनें ही बंदूक १८९३ मध्यें व तिची सुधारलेली आवृत्ति १८९७ मध्यें बाजारांत आणली. पण ब्राउनिंगचें मन तेवढ्यावर थांबलें नाहीं. प्रत्येक बाराबरोबर बंदूक खांद्यास मागें ढकलते. हा धक्का शिकाऱ्याला नकोसा असतो. त्यानें खांदा दुखतो आणि नेम चळतो. जी शक्ति खांद्याला छळण्यांत वाया जाते, तीच कामाला कां लावूं नये? या एका प्रश्नांतून १८९८ च्या सुमारास नव्या बंदुकीची रचना सिद्ध झाली, आणि १९०० मध्यें तिचें पेटंट त्याला मिळालें.

ती रचना अशी. साध्या बंदुकींत नळी पक्की बसविलेली असते. येथें ती मागेंपुढें सरकूं शकते. नळीच्या मुळाशीं काडतुसासाठीं कोरलेली जागा असते, तिला ‘घर’ म्हणूं. त्या घराचें दार बंद करणारा जाड पोलादी ठोकळा म्हणजे ‘अडसर’. बार उडाला कीं नळी व अडसर एकमेकांस घट्ट धरून, काडतुसाच्या लांबीहूनहि अधिक अंतर, एकत्रच मागें सरकतात. तोंवर छर्रे नळीबाहेर गेलेले असतात. टोकाला पोंचल्यावर अडसर तेथेंच अडकून राहतो आणि नळी एकटी, आपल्या स्प्रिंगच्या जोरानें, पुढें जाते. अडसरानें रिकामें टरफल धरून ठेवलेलें असतें. नळी त्याच्यावरून निसटते आणि टरफल उजव्या बाजूच्या खिडकींतून बाहेर फेंकलें जातें. इकडे नळीखालच्या साठ्यांतून एक नवें काडतूस मागें येतें, एक उचलपट्टी त्याला वर उचलते, आणि अडसर सुटून पुढें येतांना त्याला घरांत ढकलून दार लावतो. हें सगळें डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच घडतें. शिकाऱ्याला जाणवतो तो एक लांबट, दुहेरी धक्का. जिची पाठ मागें चौकोनी संपते अशी तिची पोलादी पेटी आजहि जाणकार दुरून ओळखतात.

एवढा मोठा शोध, पण तो बाजारांत येतांना फार अडखळला. ब्राउनिंग १८८३ पासून आपल्या रचना विंचेस्टर कंपनीला ठराविक रकमेस विकत असे; पहिल्याच रायफलीचे त्याला ८,००० डॉलर मिळाले होते. या बंदुकीच्या वेळीं मात्र त्यानें विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नगावर हिस्सा मागितला. कंपनीचा प्रमुख टी. जी. बेनेट याला तें मान्य झालें नाहीं, आणि एकोणीस वर्षांचा संबंध तुटला. ब्राउनिंग रेमिंग्टन कंपनीकडे गेला. ८ जानेवारी १९०२ रोजीं तेथील अध्यक्ष मार्सेलस हार्टली यांच्या भेटीसाठीं तो थांबला असतां, हृदयविकारानें हार्टली यांचा अंत झाल्याची बातमी आली. अखेरीस त्यानें अटलांटिक ओलांडला आणि बेल्जियममधील लिएजजवळच्या हेर्स्टाल येथील फाब्रिक नासिओनाल या कारखान्याशीं करार केला. त्याचें पिस्तुल तेथें आधींपासून तयार होतच होतें. १९०३ पासून या बंदुका अमेरिकेस जाऊं लागल्या. पुढें आयातजकातीमुळें १९०५ पासून रेमिंग्टननेंहि ही बंदूक परवान्यानें अमेरिकेंत बनविली. २६ नोव्हेंबर १९२६ रोजीं ब्राउनिंगचा मृत्यु हेर्स्टालच्या त्याच कारखान्यांत झाला. त्याची ही बंदूक मात्र विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत, शेवटीं शेवटीं जपानांत, तयार होत राहिली.

आतां ती भरण्याची रीत पाहूं. तिच्या नळीखालीं, लांकडी मुठीच्या आंत, साठ्याची एक नळी असते. तींत चार काडतुसें एकामागें एक बसतात आणि पांचवें घरांत. म्हणून ती पांच बारांची. भरणारा प्रथम उजव्या बाजूची मूठ धरून अडसर मागें ओढतो. साठा रिकामा असेल तर अडसर मागेंच अडकून राहतो व खिडकी उघडी दिसते. पहिलें काडतूस या खिडकींतून आंत ठेवावयाचें आणि पेटीच्या बाजूची कळ दाबावयाची. त्याबरोबर अडसर जोरानें पुढें जाऊन दार लावतो. या वेळीं बोट खिडकीपाशीं राहिलें तर तें चेंगरतें, आणि हा धडा बहुतेकांना एकदां तरी मिळतो. नंतर बंदूक उलटी धरून खालच्या बाजूनें एकेक काडतूस साठ्यांत लोटावयाचें. ‘खट्’ असा आवाज झाला म्हणजे तें नीट बसलें. आरंभीच्या बंदुकींत साठा भरतांना बाजूची कळ दाबून उचलपट्टी मोकळी करावी लागे. थंडीनें गारठलेल्या बोटांना तें जाचे, म्हणून पुढें ही खटपट काढून टाकण्यांत आली. त्याहून पुढची सुधारणा अशी झाली कीं अडसर उघडा ठेवून पहिलें काडतूस खालून साठ्यांत लोटलें, तर बंदूक तें स्वतःच उचलून घरांत नेते व दार लावते.

भरण्याच्या सोयींत सर्वांत शहाणपणाची सोय मात्र एक लहानशी पट्टी आहे. पेटीच्या डाव्या बाजूस ती असते. तिला साठ्याचा अटकाव म्हणतां येईल. ती फिरविली कीं साठ्यांतील काडतुसें जागच्या जागीं अडून राहतात. मग अडसर ओढला तर घरांतील तेवढें एक काडतूस बाहेर येतें आणि खिडकी उघडीच राहते. समजा, बदकांसाठीं बारीक छर्रे भरून शिकारी बसला आहे आणि अकस्मात् मोठे हंस येतांना दिसले. अटकाव लावून, घरांतील काडतूस काढून, मोठ्या छऱ्यांचें एक काडतूस त्याला तेथें ठेवतां येतें. साठा विसकटावा लागत नाहीं. परंतु याहून मोठा उपयोग कुंपण ओलांडतांना किंवा होडींत चढतांना होतो. अटकाव लावून घर रिकामें केलें म्हणजे चार काडतुसें साठ्यांत असूनहि बंदूक उडूं शकत नाहीं, आणि उघड्या खिडकीमुळें तें शेजाऱ्यालाहि दिसतें.

‘दिसतें’ या शब्दावर येथें भर द्यावा लागतो. दोन नळ्यांची बंदूक मोडली कीं ती निर्धोक आहे हें वीस पावलांवरून कळतें. ही बंदूक मिटलेली असतांना भरलेली आहे कीं रिकामी, हें बाहेरून कांहींच समजत नाहीं. शिवाय साध्या बंदुकीचा बार उडाला कीं ती नळी रिकामी होते. येथें साठ्यांत काडतूस असेल तर बार उडाल्याबरोबर बंदूक पुन्हां भरलेलीच असते. ‘आतांच तर उडविली’ हा निर्धास्तपणा साध्या बंदुकीच्या बाबतींत कदाचित् क्षम्य ठरेल, हिच्या बाबतींत तो प्राणघातक ठरतो. सुरक्षेची कळ आहे. पण आरंभीच्या बंदुकींत ती चापाच्या संरक्षक कमानींत, चापाच्या पुढें होती, म्हणजे ती सोडण्यासाठीं बोट चापाच्या शेजारींच न्यावें लागे. पुढें ती चापाच्या मागें आडवी बसविण्यांत आली. कळ कोठेंहि असली तरी ती यांत्रिक वस्तु आहे, आणि रिकाम्या घराची बरोबरी ती करूं शकत नाहीं.

भरण्याची एक साधी मूठ किती मोलाची असते, याची साक्ष दुसऱ्या एका बंदुकीनें दिली. ब्राउनिंग निघून गेल्यावर विंचेस्टर कंपनीलाहि आपोआप भरणारी बंदूक हवी होती. पण ब्राउनिंगचीं पेटंटें आडवीं आलीं आणि अडसराची मूठ त्यांतच मोडत होती. थॉमस क्रॉस्ली जॉन्सन या कंपनीच्या कल्पक अभियंत्यानें तोड काढली. अडसराला मूठच ठेवावयाची नाहीं. नळीवर पकडीसाठीं खरखरीत पट्टा कोरावयाचा आणि हातानें नळीच मागें दाबून बंदूक भरावयाची. १९११ मध्यें ती बाजारांत आली. कागदावर या तोडींत कांहींच दोष नव्हता. परंतु त्या काळचीं काडतुसें कागदी नळकांड्यांचीं असत आणि दलदलीच्या ओलाव्यानें तीं फुगत. फुगलेलें काडतूस घरांत अडकलें कीं नळी नुसत्या हातानें मागें सरकत नसे. मग त्रासलेला शिकारी दस्ता जमिनीवर टेकी, दोन्ही हातांनीं नळी धरी आणि सगळा भार घालून ती खालीं दाबी. अशा वेळीं बंदुकीचें तोंड त्याच्या स्वतःच्या तोंडाकडे असे. कांहीं बंदुका त्या झटापटींत उडाल्या आणि माणसें दगावलीं. लोकांनीं त्या बंदुकीला ‘विधवा करणारी’ असें नांव ठेविलें. १९२५ मध्यें तिचें उत्पादन थांबलें. दोष एका माणसाचा म्हणतां येत नाहीं. ओल्या कागदाचा व मनुष्याच्या उतावळेपणाचा हिशेब रचनेंत धरला गेला नव्हता, इतकेंच. अडसराला मूठ असती तर बंदुकीचें तोंड दूर ठेवून ती सोडवितां आली असती.

आतां निगेकडे वळूं. ब्राउनिंगच्या बंदुकीचा जीव तिच्या मुठीच्या आंत, साठ्याच्या नळीभोंवतीं असलेल्या तीन वस्तूंत आहे: एक लांब स्प्रिंग, एक काशाचें चिरलेलें कडें आणि एक पोलादी कडें. नळी मागें येते तेव्हां स्प्रिंग दबते आणि काशाचें कडें साठ्याच्या नळीला आंवळून घर्षण उत्पन्न करतें, जसा सायकलचा ब्रेक चाकाला आवळतो तसा. पोलादी कड्याची एक कड उतरती असते. तें काशाच्या कड्याला लागून, म्हणजे स्प्रिंग व काशाचें कडें यांच्या मध्यें बसविलें तर ती उतरती कड काशाच्या कड्याला अधिक दाबते, आणि ब्रेक जोराचा लागतो. ही मांडणी जड बारांच्या काडतुसांसाठीं. हलकीं काडतुसें उडवावयाचीं असलीं तर पोलादी कडें काढून स्प्रिंगच्या मागें, पेटीला टेकून ठेवावयाचें. तेथें त्याचा ब्रेकशीं संबंध राहत नाहीं.

एवढीशी अदलाबदल, पण तिच्यावर बंदुकीचें आयुष्य अवलंबून असतें. जड मांडणींत हलकें काडतूस उडविलें तर नळी पुरती मागें येत नाहीं आणि रिकामें टरफल खिडकींत अडकतें. ही चूक लगेच कळते व तिनें फारसें नुकसान होत नाहीं. उलट चूक अधिक वाईट. हलक्या मांडणींत जड काडतुसें उडविलीं तर बंदूक बिनतक्रार चालते, पण प्रत्येक बाराला नळी व अडसर पेटीच्या मागल्या भिंतीवर आपटतात. खांद्याला धक्का जास्त बसतो, पुढच्या लांकडी मुठीला बारीक चीर जाते, आणि ती चीर दिसेपर्यंत मालकाला कांहींच कळलेलें नसतें. जुनी बंदूक हातीं आली तर आंतील कडीं पूर्वीच्या मालकानें कशीं लावलीं आहेत हें उघडून पाहिल्यावांचून ती उडवूं नये. शंका असेल तेव्हां जड मांडणीनें सुरुवात करावी. टरफल बाहेर पडलें नाहीं तरच हलकीकडे जावें.

तेलाचेंहि असेंच आहे. यंत्र अडलें कीं तेल ओतावें, हा घरोघरचा उपाय. येथें तो अंगाशीं येतो, कारण साठ्याच्या नळीवरील घर्षण हाच या बंदुकीचा ब्रेक आहे. तेथें तेल थबथबलें तर ब्रेक निसटतो आणि वर सांगितलेली आदळआपट सुरू होते. नळी अगदीं कोरडी किंवा गंजलेली असेल तर ब्रेक नको इतका धरतो. म्हणून पातळ तेलाचे दोन थेंब फडक्यावर घेऊन नळी पुसावी, मग कोरड्या फडक्यानें पुन्हां पुसावी; बोटाला नुसता स्निग्धपणा जाणवला म्हणजे पुरे. पेटीच्या आंत मागल्या भिंतीवर तंतुमय पदार्थाची एक गादी बसविलेली असते. ती वर्षानुवर्षांनीं कडक होऊन तडकते. तीहि बदलावी लागते. आणि अडसराला पुढें ढकलणारी दुसरी एक स्प्रिंग दस्त्याच्या पोटांत लपलेली असते. पावसाचें पाणी हळूहळू तेथें उतरतें आणि तें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. पुष्कळ जुन्या बंदुका ‘म्हाताऱ्या झाल्या’ म्हणून टाकून दिल्या जातात, पण खरोखर त्यांची हीच स्प्रिंग गंजलेली असते.

नळी काढतांना बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, दस्ता जमिनीवर टेकवून, एका हातानें नळी किंचित् खालीं दाबून धरावी व दुसऱ्यानें टोकाचें मळसूत्री टोपण सोडवावें. दाब न धरतां टोपण सोडलें तर आंतील स्प्रिंग नळीला एकदम पुढें उसळविते. यापलीकडे पेटीच्या बाजूचे स्क्रू सामान्य मालकानें छेडूं नयेत. एकेका स्क्रूला सुटूं न देणारा दुसरा लहान स्क्रू शेजारीं असतो. घड्याळाप्रमाणें हें काम त्यांतल्या कारागिराकडेच द्यावें.

नळीच्या आंतील स्वच्छतेमागें थोडें रसायनशास्त्र आहे. पूर्वीच्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असे. तें जळल्यावर मिठासारखाच एक क्षार मागें राही. तो हवेंतील ओलावा ओढी आणि एका रात्रींत पोलाद गंजे. तेलानें तो क्षार विरघळत नसल्यानें केवळ तेल पुसून समाधान मानणाऱ्यांच्या बंदुका गंजत. गरम पाण्यानें नळी धुऊन, कोरडी करून मग तेल लावणाऱ्यांच्या टिकत. पुढें न गंजविणाऱ्या टोप्या आल्या, तरी दारूची काजळी व दलदलीचा ओलावा राहिलाच. बंदूक चामड्याच्या पिशवींत ठेवून देण्याची हौसहि घातक, कारण चामडें ओल धरून ठेवतें. १९६० नंतर प्लास्टिकचीं काडतुसें आलीं आणि कागद फुगण्याची पीडा मात्र खरोखरच गेली.

काडतूस निवडण्यांतील दोन धोके विशेष ध्यानांत ठेवण्यासारखे आहेत. सोळा बोअरच्या आरंभीच्या कांहीं बंदुकांचें घर ६५ मिलिमीटरचें आहे, आणि आजचें नेहमींचें काडतूस ७० मिलिमीटरचें. न उडालेल्या काडतुसाचें तोंड दुमडलेलें असल्यामुळें तें लहान घरांतहि सहज बसतें. उडतांना तोंड उलगडावयास जागा मिळत नाहीं आणि आंतील दाब वाढतो. दुसरा धोका बोअरच्या आंकड्याचा. बारा बोअरच्या बंदुकींत चुकून वीस बोअरचें काडतूस गेलें तर तें लहान असल्यानें घरांतून पुढें घसरून नळींत अडकतें. घर रिकामेंच दिसतें. मग शिकारी मागें बाराचें काडतूस भरतो व चाप ओढतो, आणि नळी हाताजवळच फुटते. म्हणूनच वीस बोअरचीं काडतुसें पिवळ्या रंगाचीं करण्याचा प्रघात पडला आहे. नळीच्या तोंडांत चिखल किंवा बर्फ गेला असतां बार उडविणें हाहि त्याच जातीचा अपघात. याशिवाय, पाणपक्ष्यांच्या शिकारींत शिशाचे छर्रे वापरण्यास अमेरिकेंत १९९१ पासून सर्वत्र बंदी आहे. त्यांच्या जागीं आलेले पोलादी छर्रे जुन्या बेल्जियन नळ्यांतून उडवूं नयेत, असें ब्राउनिंगच्या नांवाची कंपनीच सांगते.

नंतरच्या काळांत दुसऱ्या पद्धतीहि आल्या. रेमिंग्टनच्या १९६३ च्या ११०० क्रमांकाच्या बंदुकींत दारूचा धूर नळीच्या छिद्रांतून घेऊन त्याच्या दाबानें अडसर हलवितात. तिचा धक्का सौम्य, पण छिद्रें व दट्ट्या काजळीनें भरतात आणि वरचेवर साफ कराव्या लागतात. इटलींतील बेनेली कंपनीच्या बंदुकींत अडसराच्या जडत्वाचा उपयोग केलेला आहे. ती फार स्वच्छ राहते, पण अगदीं हलक्या काडतुसांवर रुसते. यंत्रानें कोणतीहि वाट धरली तरी मालकाच्या वांट्याला कांहीं तरी काम उरतेंच.

अखेर एका गोष्टीचा उल्लेख केल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. बंदूक आपोआप भरूं लागली तेव्हां प्रश्न केवळ शिकाऱ्याच्या सुरक्षिततेचा राहिला नाहीं. पक्ष्यांच्या अस्तित्वाचा झाला. पेनसिल्व्हेनिया राज्यानें १९०७ मध्येंच शिकारीसाठीं तिचा वापर मना केला. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक विल्यम टेंपल हॉर्नडे यांनीं १९१३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत अशा बंदुकांवर कठोर टीका केली. हेच हॉर्नडे तारुण्यांत हिंदुस्थानांत येऊन वाघ व हत्ती मारून गेले होते, म्हणून त्यांच्या बोलण्याला अनुभवाचें वजन होतें. १ सप्टेंबर १९१४ रोजीं सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयांत शेवटचा प्रवासी पारवा मेला. त्या जातीचा संहार ही बंदूक येण्यापूर्वींच, जुन्या हत्यारांनीं व जाळ्यांनीं झालेला होता, हें खरें. परंतु ज्या देशांत आकाश झांकणारे थवे एका पिढींत नाहींसे झाले, तेथें अधिक वेगवान् हत्यार आल्यावर लोकांनीं घाबरणें स्वाभाविक होतें. १९३० नंतरच्या दुष्काळांत अमेरिकेंतील तळीं आटलीं, बदकांची संख्या घसरली, आणि १९३५ मध्यें नियम झाला कीं स्थलांतरी पाणपक्ष्यांच्या शिकारींत बंदुकींत एकूण तीनांहून अधिक काडतुसें मावतां कामा नयेत.

पांच बारांच्या बंदुकीला तीन बारांची करण्याचा उपाय अगदीं साधा निघाला. साठ्याच्या नळींत एक लांकडी दांडी घालावयाची. तिनें दोन काडतुसांची जागा अडते, दोन साठ्यांत व एक घरांत एवढींच मावतात. वनरक्षकाला ती तपासावयास हत्यार लागत नाहीं. साठ्यांत तिसरें काडतूस लोटून पाहिलें कीं झालें.

सारांश, या बंदुकीनें हाताचें एक काम आपल्या शिरावर घेतलें आणि डोळ्याला, बोटाला व मनाला तीन कामें नेमून दिलीं. घर रिकामें आहे ना, हें प्रत्येक वेळीं डोळ्यानें पाहून व बोटानें चांचपून घ्यावयाचें. कडीं व तेल त्या त्या काडतुसाला साजेसें ठेवावयाचें. आणि ती लांकडी दांडी साठ्यांत राहूं द्यावयाची. पहिल्या दोन कामांत कुचराई केली तर बंदूक स्वतःच शिक्षा देते. तिसऱ्याच्या बाबतींत ती मुकी आहे. तेथें शिक्षा पक्ष्यांना होते, आणि म्हणून तें काम सर्वांत काळजीनें करावयाचें असतें.